राहून गेलेले डोस : महासाथ, गोवर आणि यवतमाळ



आजचा विषय गोवराचा. समोर बसलेल्या ज्येष्ठ मंडळींच्या मनात काय चाललंय ते आम्ही ओळखू शकतो. गोवरावर काय व्याख्यान द्यायचं? बरोबर आहे तुमचं. आपल्याकडे गोवर हा आजार म्हणून कधी धरलाच गेला नाही. तो सगळ्यांनाच निघायचा. आई उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवायची, घरात फोडणी बंद व्हायची, आणि आठ-दहा दिवसांनी लेकराला आंघोळ घातली की विषय संपायचा. ज्या घरांत तो विषय असा संपला नाही, त्या घरांनी त्याबद्दल फारसं कोणाला सांगितलं नाही. आज आम्ही या न सांगितलेल्या गोष्टीकडे बघणार आहोत. २०२० ते २०२२ या तीन वर्षांत, म्हणजे कोरोनाच्या महासाथीत आणि तिच्या लगेच नंतर, गोवराचं काय झालं, आणि त्याचा आपल्या जिल्ह्याशी काय संबंध, हे बघू.

सुरुवात आपल्या जिल्ह्यातूनच करू. ३१ जानेवारी २०२१, रविवार. पल्स पोलिओचा दिवस. घाटंजी तालुक्यात कापसी-कोपरी नावाचं गाव आहे. तिथल्या बूथवर पाच वर्षांखालच्या बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुवायच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. चूक लक्षात आली, मुलांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात आणलं, देखरेखीखाली ठेवलं. सगळी मुलं बरी झाली. तिघा कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. देशभरच्या वर्तमानपत्रांत यवतमाळचं नाव आलं. आपण सगळ्यांनी ते वाचलं, संताप केला, आणि विसरून गेलो.

आता यातली एक तारीख लक्षात घ्या. पोलिओचा तो दिवस मुळात १७ जानेवारीला होता. पण १६ जानेवारीला देशात कोरोनाच्या लसीकरणाचा आरंभ झाला. दोन्ही कामं करणारी माणसं तीच, शीतपेट्या त्याच, गाड्या त्याच. म्हणून पोलिओ दोन आठवडे पुढे ढकलला गेला. कापसी-कोपरीत त्या दिवशी नेमकं काय चुकलं याचा निवाडा करणं चौकशीचं काम, आमचं नाही. आम्ही इतिहासवाले एवढंच बघतो, की जे हात वर्षानुवर्षं पोलिओची कुपी उचलत आले, ते हात त्याआधीचे दहा महिने सॅनिटायझरची बाटली उचलत होते.

आणि आमचा मुद्दा इथून सुरू होतो. त्या बारा लेकरांना काहीतरी चुकीचं दिलं गेलं, म्हणून ते त्याच दिवशी देशाला कळलं. ज्यांना त्या वर्षात काहीच दिलं गेलं नाही, त्यांचं कोणाला कळलं? न मिळालेला डोस उलटी करत नाही. त्याची बातमी होत नाही. ती बातमी वर्ष-दीड वर्षाने येते, आणि ती घेऊन येतो गोवर.

बुळकांडीचा भाऊबंद

आधी हा आजार काय आहे ते थोडक्यात पाहू. गोवराचा विषाणू माणसाशिवाय दुसऱ्या कशात राहत नाही. पण त्याचं जवळचं नातं आपल्या गोठ्याशी आहे. आपल्या आजोबांना बैलांची बुळकांडी आठवत असेल. गावचे गोठे रिकामे करणारा तो रोग, आणि गोवर, हे एकाच घराण्यातले. गुरं आणि माणसं एकत्र राहू लागली, वस्त्या मोठ्या झाल्या, तेव्हा कधीतरी हा विषाणू गुरांकडून माणसाकडे आला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, बर्लिनच्या संग्रहात जपलेल्या १९१२ सालच्या फुफ्फुसाच्या नमुन्यातून जुना विषाणू वाचला गेला. त्यावरून अंदाज निघाला की ही फारकत इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आसपास झाली असावी. गंमत बघा, बुळकांडी २०११ मध्ये जगातून संपली. बैलाचा रोग आपण संपवला, लेकराचा अजून आहे.

संपत नाही याचं कारण त्याचा पसरण्याचा वेग. एका रुग्णापासून, संरक्षण नसलेल्या वस्तीत, बारा ते अठरा जणांना लागण होते. शिंकायला-खोकायला समोरासमोर असायची गरज नाही. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहू शकतो. आणि अंगावर पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासून लेकरू दुसऱ्यांना आजार देत असतं. म्हणजे 'गोवर निघाला' असं आपण म्हणतो, तेव्हा तो गल्लीभर फिरून आलेला असतो.

जीव जातो तो बहुधा गोवराने नाही, त्याच्या मागून येणाऱ्या न्यूमोनियाने आणि जुलाबांनी. पोषण कमी असलेल्या लेकरांना धोका जास्त. 'अ' जीवनसत्त्व कमी असेल तर डोळे जातात. म्हणूनच गोवराच्या प्रत्येक बालरुग्णाला दोन दिवस 'अ' जीवनसत्त्वाचा मोठा डोस द्यायचा नियम आहे.

जुन्या बायका आणखी एक गोष्ट सांगायच्या : गोवर होऊन गेला की लेकरू कितीतरी महिने सुधरत नाही, सारखं काही ना काही होत राहतं. त्याला शास्त्राचा आधार नोव्हेंबर २०१९ मध्ये मिळाला. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं गेलं. दुसऱ्या आजारांशी लढण्यासाठी जमवलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं गोवराने पुसून टाकली होती. शरीराची आठवणच जाते म्हणा ना. त्या आजीबाईंचं निरीक्षण बरोबर होतं, फक्त ते कोणी लिहून घेतलं नव्हतं.

ज्याला रकाना नव्हता

आता इतिहासाकडे. माधवनिदानात मसूरिकेच्या, म्हणजे देवीच्या, प्रकरणात 'रोमांतिका' म्हणून जो विकार येतो, तो गोवराशी जुळतो. म्हणजे वैद्यांना हा आजार ओळखीचा होता. पण सरकारी कागदांत तो शोधायला गेलात तर पंचाईत होते.

आपला जिल्हा १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जायचा. वऱ्हाडाचा कारभार १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला. त्या काळचे आरोग्य खात्याचे वार्षिक तक्ते बघा. मृत्यूच्या कारणांचे रकाने ठरलेले : पटकी, देवी, ताप, हगवण-अतिसार, श्वसनाचे विकार, जखमा-अपघात, पुढे प्लेग, आणि उरलेलं सगळं 'इतर'. गोवराला स्वतःचा रकाना नाही. गावातून खबर वर जायची तेव्हा लेकरू गोवरानंतरच्या जुलाबाने गेलं तर ते हगवणीत, धाप लागून गेलं तर श्वसनात, आणि बहुतेक वेळा सरळ 'तापा'त. 'ताप' हा त्या तक्त्यांतला सगळ्यांत मोठा रकाना. त्याच्या पोटात किती गोवर दडलाय, हे आज कोणालाही सांगता येणार नाही.

देवीचं तसं नव्हतं. तिची भीती होती, तिची लस होती, गावोगाव देवी काढणारे हिंडायचे, दंडावर खूण राहायची. प्लेगसाठी तर १८९७ मध्ये खास कायदा झाला. तोच साथरोग कायदा महाराष्ट्राने १३ मार्च २०२० रोजी कोरोनासाठी लागू केला. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने मध्यप्रांत आणि वऱ्हाड देशातल्या सर्वाधिक तडाखा बसलेल्या भागांत आणून ठेवले. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी किंचित घटली. असे मोठे आजार इतिहासात राहतात. पण मोठी साथ येते तेव्हा तिच्या सावलीत लहान मुलांचे नेहमीचे आजार काय करतात, हे मोजायला माणूसच उरत नाही. हा धडा शंभर वर्षं जुना आहे.

गोवर नीट मोजला गेला तो दूर अटलांटिक समुद्रात, फेरो बेटांवर. १८४६ मध्ये तिथे गोवर आला. पेटर पानुम नावाच्या तरुण डॅनिश डॉक्टरला सरकारने पाठवलं. बेटांवर ७,७८२ माणसं. त्यांतल्या सुमारे ६,००० जणांना गोवर झाला, म्हातारे-कोतारे सगळ्यांना. सुटले कोण? १७८१ च्या साथीत ज्यांना लहानपणी गोवर होऊन गेला होता, ते वृद्ध. ६५ वर्षांनंतरही त्यांना पुन्हा झाला नाही. पानुम घरोघर फिरला, कोण कुठल्या दिवशी आजारी पडलं ते विचारलं, आणि त्यातून दोन गोष्टी पक्क्या केल्या : एकदा झालेला गोवर जन्मभर राखण करतो, आणि ज्या वस्तीत बरीच वर्षं तो आलेला नाही, तिथे आला की झडझडून येतो. लक्षात ठेवा, याचा उपयोग आपल्याला पुढे होणार आहे.

लस यायला त्यानंतर शंभरावर वर्षं लागली. १९५४ मध्ये बॉस्टनला एंडर्स आणि पीबल्स या दोघांनी एका शाळकरी मुलाच्या रक्तातून विषाणू वेगळा केला. मुलाचं आडनाव एडमन्स्टन. १९६३ मध्ये लस बाजारात आली. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ती १९८५ पासून. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या लसीच्या वाणाला आजही त्या मुलाचंच नाव आहे, एडमन्स्टन-झाग्रेब. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फ्रीजमध्ये एका अमेरिकन पोराचं आडनाव ठेवलेलं असतं म्हणा. दुसरा डोस २०१० पासून टप्प्याटप्प्याने आला. गोवर-रुबेलाची एकत्रित मोहीम महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी, शाळाशाळांतून. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी त्या वेळी वाद झाला असेल, टोचायचं की नाही म्हणून. व्हॉट्सअॅपवरच्या अफवा आठवतात ना?

उधारीचा हिशेब

आता थोडा हिशेब करू. अवघड नाही, किराणा दुकानाच्या उधारीसारखा आहे.

समजा एका भागात वर्षाला १०० मुलं जन्मतात. नवव्या महिन्यानंतरच्या पहिल्या डोसाला त्यांपैकी ८० येतात. त्या वयात दिलेला डोस साधारण ८५ टक्के मुलांत नीट लागू पडतो. म्हणजे ८० पैकी ६८ सुरक्षित. उरली ३२. दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो, तो मुख्यतः या उरलेल्यांना सांभाळून घेण्यासाठी. तो नीट झाला नाही, तर पुढच्या वर्षी आणखी ३२, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी ३२. तीन वर्षांत ९६. म्हणजे जवळजवळ एका अख्ख्या वर्षात जन्मलेल्या सगळ्या मुलांइतकी मुलं उघडी. साथरोगतज्ज्ञांचा ठोकताळा असा, की उघड्या मुलांची संख्या एका वर्षाच्या जन्मांइतकी झाली की मोठी साथ दारात उभी आहे असं समजावं. गोवर थांबवायचा तर ९५ टक्के मुलांचे दोन्ही डोस व्हावे लागतात. ८० टक्के परीक्षेत चांगले, गोवरात नापास.

आणि आम्ही महासाथीच्या आधीचंच बोलतोय हं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचं महाराष्ट्रातलं काम २०१९ मध्ये झालं. त्यात एक ते दोन वर्षं वयाच्या मुलांपैकी सर्व मूलभूत लसी पूर्ण झालेली मुलं सुमारे ७३ टक्के निघाली. आधीच्या फेरीपेक्षा बरीच प्रगती, पण उधारी होतीच.

आता महासाथ त्यात घाला. मार्च २०२० मध्ये राज्यातल्या अगदी पहिल्या रुग्णांत दुबईच्या सहलीहून परतलेले यवतमाळचे प्रवासी होते. म्हणजे आपल्या जिल्ह्याला कोरोना उशिरा कळला असं नाही. २५ मार्चला देश बंद झाला. आता जून २०१९ मध्ये जन्मलेलं एक लेकरू डोळ्यांसमोर आणा. त्याला नऊ महिने पूर्ण झाले मार्च २०२० मध्ये. पहिल्या डोसाची वेळ नेमकी टाळेबंदीची. दुसरं लेकरू घ्या, जानेवारी २०२० मधलं. त्याला सोळा महिने झाले मे २०२१ मध्ये. दुसऱ्या डोसाची वेळ, आणि दुसऱ्या लाटेचा कळस. ही दुसरी लाट राज्यात आधी दिसली ती आपल्याच पट्ट्यात, अमरावती, अकोला, यवतमाळला, फेब्रुवारी २०२१ मध्ये.

लसीकरण बंद करा असा आदेश कोणी काढला नव्हता, हे स्पष्ट सांगायला हवं. दवाखान्यातले जन्मवेळचे डोस चालू ठेवायच्या सूचना होत्या. पण प्रतिबंधित क्षेत्रातली सत्रं थांबली. आणि आपल्याकडे गोवराची लस दवाखान्यात कमी, अंगणवाडीतल्या सत्रात जास्त मिळते. त्या सत्राचं गणित नाजूक असतं. लस पावडरीच्या रूपात येते, द्रावण घालून तयार केली की चार तासांत वापरावी लागते, नाहीतर फेकावी लागते. एका कुपीत अनेक डोस. म्हणजे मुलं एकत्र जमली पाहिजेत. आणि त्या वर्षी एकत्र जमणं हाच गुन्हा होता.

जमवणारी माणसं कोण? नर्सबाई, आशाताई, अंगणवाडी सेविका. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम आली, तेव्हा त्या घरोघर ताप आणि ऑक्सिजन मोजत होत्या. मग सर्वेक्षण, विलगीकरणातल्यांची चौकशी, मग कोरोनाची लस. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या, मानधनासाठी. त्या आधी वर्षभर आपण त्यांच्यासाठी थाळ्या वाजवून झालो होतो.

आकडा सांगतो. देशात त्रिगुणी लसीचे तीन डोस पूर्ण झालेल्या मुलांचं प्रमाण २०१९ मध्ये ९१ टक्के होतं, ते २०२० मध्ये ८५ वर आलं. त्रिगुणीचा पहिला डोसही न मिळालेली मुलं साधारण १४ लाखांवरून ३० लाखांवर गेली. हा जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा अंदाज.

पण फसगत कशी होते बघा. २०१९ मध्ये जगात गोवराचे ८ लाख ६९ हजारांवर रुग्ण नोंदले गेले, १९९६ नंतरचे सर्वाधिक. २०२० मध्ये तो आकडा ऐंशी टक्क्यांहून जास्त खाली आला. सगळ्यांना वाटलं, चला, एक तरी बरं झालं. शाळा बंद, तोंडाला मास्क, प्रवास बंद, त्यामुळे गोवर खरंच कमी पसरला. शिवाय ताप आलेलं लेकरू दवाखान्यात न्यायलाच लोक घाबरत, त्यामुळे नोंदही कमी झाली. आणि त्याच वर्षी जगातली २ कोटी २० लाखांवर बाळं पहिल्या डोसाला मुकली. उधारी वाढत होती, पण वसुलीला येणारा माणूस काही दिवस घरी बसला होता. इतकंच.

गोवंडी आणि मालेगाव

तो आला २०२२ च्या पावसाळ्यानंतर. ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या रफी नगरात एकाच कुटुंबातली तीन लेकरं अठ्ठेचाळीस तासांत गेली. देवनारच्या कचराभूमीला लागून असलेली ती वस्ती. मग शेजारच्या वस्त्यांत शोध घेतला, तर घराघरांत ताप आणि पुरळ. ९ नोव्हेंबरला केंद्राचं पथक मुंबईत आलं. कस्तुरबा रुग्णालयात पोरं दाखल होऊ लागली. मग मालेगाव, भिवंडी, ठाणे, वसई-विरार अशी नावं येत गेली. मालेगाव आणि भिवंडी ही यंत्रमागांची गावं. आपण कापूस पिकवणारे, ते कापड विणणारे, गरिबी दोन्हीकडे ओळखीची. वर्ष संपेपर्यंत राज्यात खात्रीचे रुग्ण हजारावर गेले आणि वीसच्या आसपास मुलं दगावली. बहुतेकांना लस मिळालेली नव्हती, किंवा अर्धवट मिळाली होती.

आता मघाची दोन लेकरं आठवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये एक तीन वर्षं चार महिन्यांचं, दुसरं पावणेतीन वर्षांचं. साथ झाली ती मुख्यतः अशाच वयाच्या मुलांत. २०२० मध्ये ज्या पानावर नाव लिहायचं राहिलं, ते पान २०२२ मध्ये वाचलं गेलं.

सरकारने मग काय केलं तेही सांगू, कारण त्यातून शिकण्यासारखं आहे. डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमलं. नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना उद्रेकाच्या भागात एक जादा डोस. जिथे नऊ महिन्यांखालची बाळंच दहा टक्क्यांहून जास्त आजारी पडत होती, तिथे सहाव्या महिन्यापासून डोस. 'अ' जीवनसत्त्व. मौलवी, इमाम, डॉक्टर यांच्याकडून आवाहनं. १५ ते २५ डिसेंबर आणि १५ ते २५ जानेवारी अशा दोन फेऱ्यांत राहिलेल्यांचं लसीकरण. हे सगळं झालं आणि साथ ओसरली. म्हणजे उपाय माहीत होता, माणसं होती, लस पुण्यातच होती. कमी पडली ती वेळेवरची यादी.

त्या वेळी एक शब्द फार वापरला गेला, 'नकार'. लोक लस नाकारतात. काही घरांनी नाकारली, खरं आहे. अफवा होत्या. पण त्या एका शब्दाखाली खूप काही झाकलं जातं. रोजंदारी बुडते म्हणून सत्राला न गेलेली आई नकार देत नसते. मागच्या वेळी लेकराला ताप आला, रात्रभर जागावं लागलं, आणि हे असं होतं हे कोणी सांगितलंच नाही म्हणून बिचकलेली आई, तीही नाही. भाड्याची खोली सोडून गेलेलं कुटुंब तर नाहीच नाही. आम्हाला वाटतं, 'नकार' हा शब्द आजच्या तक्त्यातला 'ताप' झालाय. जे नीट विचारलं नाही ते सगळं त्यात ढकलायचं.

हे आपल्याकडेच झालं असंही नाही. काँगोमध्ये २०१८ ते २०२० दरम्यान इबोलाची साथ होती. तिने सुमारे २,३०० माणसं नेली, आणि जगभरचे कॅमेरे तिच्यावर होते. त्याच देशात, त्याच सुमारास गोवराने ७,००० हून जास्त जीव घेतले, त्यात बहुतेक लहान मुलं. झिंबाब्वेत एप्रिल २०२२ पासून सुरू झालेल्या गोवरात काही महिन्यांत ७०० वर मुलं गेली. जगभरात २०२१ या एका वर्षात जवळपास ४ कोटी मुलांचा एक तरी डोस राहिला. देश वेगळे, हिशेब एकच : मोठा आजार माणसं आणि लक्ष ओढून घेतो, आणि गोवर मागून येऊन वसुली करतो.

पोडावरची यादी

परत घरी येऊ. आपला जिल्हा साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा, सोळा तालुक्यांचा, २०११ च्या जनगणनेत पावणेअठ्ठावीस लाख माणसांचा. झरी जामणी, केळापूर, मारेगाव, घाटंजी या बाजूला कोलामांचे पोड आहेत, गावापासून सुटे, पावसाळ्यात वाट बंद होणारे. पुसद, दिग्रस, उमरखेड, महागाव बाजूला बंजारा तांडे आहेत. दिवाळीच्या पुढे-मागे तांड्यातली कितीतरी माणसं लेकराबाळांसह ऊसतोडीला, वीटभट्टीवर जातात आणि उन्हाळ्यात परततात. त्या लेकराचं नाव आपल्या उपकेंद्राच्या ड्यू लिस्टमध्ये असतं, पण लेकरू नसतं. आणि जिथे लेकरू असतं, तिथल्या यादीत नाव नसतं.

इथे फेरो बेटं आठवा. दूर असलेल्या वस्तीला बरीच वर्षं गोवर शिवत नाही. म्हणून तिथे सगळं ठीक आहे असं वाटतं. पोडावर गोवर दिसत नाही, याचे दोन अर्थ होऊ शकतात : सगळ्यांना लस मिळाली, किंवा अजून गोवर तिथवर पोचला नाही. बाहेरून बघताना दोन्ही सारखेच दिसतात. कुठला अर्थ खरा, ते फक्त एकच कागद सांगू शकतो, आशाताईच्या हातातली यादी.

म्हणून इतिहासाचे विद्यार्थी या नात्याने आमचं एवढंच मागणं आहे. मोठ्या साथीच्या काळात जे राहून गेलं त्याची नोंद साथ चालू असतानाच ठेवली गेली पाहिजे. त्या महिन्यात कोणतं सत्र झालं नाही, कुठल्या पोडावरची किती मुलं राहिली, कोणतं कुटुंब कुठे कामाला गेलं. साथ संपल्यावर नाही, कारण तेव्हा कोणाला आठवत नाही. आणि ही नोंद कर्मचाऱ्याला शिक्षा करण्यासाठी नको. शिक्षेची भीती असली की रकाने भरलेले दिसतात आणि लेकरं तशीच राहतात. सत्र झालं नाही असं जिला निर्धास्तपणे लिहिता येतं, तीच नर्स पुढच्या महिन्यात ते सत्र भरून काढते.

भारताने गोवर-रुबेला २०२३ पर्यंत हद्दपार करायचं ठरवलं होतं. ते वर्ष मागे पडलं, मुदत २०२६ पर्यंत पुढे गेली. मुदती पुढे जातात, त्याचं आम्हाला फार दुःख नाही. दुःख याचं, की मुदतींची चर्चा दिल्लीत होते, आणि त्या जिथे चुकतात ती जागा असते एखाद्या अंगणवाडीचा ओटा, ज्यावर त्या बुधवारी कोणी बसलंच नाही.

जाता जाता एक काम सांगतो. आज घरी गेल्यावर नातवंडाचं लसीकरणाचं कार्ड काढा. गोवर-रुबेलाच्या पुढे दोन तारखा आहेत का, बघा. तुमच्या शेतात कापूस वेचायला येणाऱ्या बाईला तिच्या लेकराचं कार्ड विचारा. ते परगावचं असलं तरी चालतं, आपल्या उपकेंद्रावर डोस मिळतो. तारीख राहिली असेल तर त्या दिवसाची मजुरी न कापता तिला सत्राला पाठवा. इतिहासाच्या व्याख्यानात असलं काम सांगत नाहीत, आम्हाला कल्पना आहे. पण या आजाराचा इतिहास आजवर 'इतर'च्या रकान्यात गेला. पुढचा तरी नावानिशी लिहिला जावा.